टेपबाई आणि विजेची कटोरी

चादरीची घडी अर्ध्यावर आली होती. एक टोक माझ्या हातात, दुसरं वन्संच्या. एवढी मोठी डबल चादर एकटीने घडी करायची म्हणजे तिच्याशी कुस्तीच, म्हणून मी जिन्यातून हाक मारली होती आणि वन्सं गळ्यातल्या टेपसकट वर आल्या होत्या. दोघींनी ताणून, झटकून आता एकमेकींकडे चालत येणार, तेवढ्यात खालून कुणीतरी विचारलं, "टेपबाई आहेत का?" वन्संनी आपलं टोक सोडलं. चादर माझ्या पायांवर.

"अहो वन्सं, घडी!"

"चादर कुठे पळून जाते, वहिनी? गिऱ्हाईक पळतं." आणि त्या धडधडत खाली.

आमच्या वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. आम्ही वर राहतो, त्या खाली. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार, म्हणजे एक पलंग, एक स्टोव्ह आणि कापडाचे गठ्ठे. लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणतात, "दिवसभर बायकांची मापं घेऊन हात दुखतात, त्यात आणखी एका पुरुषाचं माप कोण काढत बसणार?" ब्लाउज, झगे, कोट, शाळेचे गणवेश, सगळं शिवतात. टेप गळ्यात इतकी की ती काढली तर मान उघडी पडल्यासारखी दिसते. त्यामुळे साऱ्या गल्लीच्या त्या टेपबाई. खरं नाव पोस्टमनलाही आठवावं लागतं.

मी रोज वहीत आधी देवाचं नाव लिहिते आणि मग दिवसभरात घडलेलं. देवाच्या नावाखाली सगळ्यात जास्त वेळा कुणाचं नाव आलं असेल तर ते वन्संचंच. आज त्यांच्याबद्दलच सलग लिहायला बसले आहे.

त्यांचा एक नियम आहे: जुन्या मापावर कात्री नाही. गिऱ्हाईक कितीही जुनं असो, मागच्याच महिन्यात कपडा नेलेला असो, समोर उभं राहायचं, हात वर करायचे आणि नवं माप द्यायचं. कोपऱ्यावरची बेकरीवाली दर खेपेला वाद घालते. "अगं, मी काय पिठाचा गोळा आहे का, रोज फुगायला?" वन्सं तोंडात टाचण्या धरून म्हणतात, "तू फुगत नसशील, तुझा अंदाज फुगतो. हात वर." आणि बेकरीवाली हात वर करते. जी बाई डॉक्टरसमोर दंडही उघडा करायला लाजते, ती या पडद्यामागे निवांत उभी राहते, वर सुनेची गाऱ्हाणीही सांगून घेते.

तर त्या दिवशी खाली आली होती एक सडपातळ पोरगी. पाठीवर बॅग, बॅगेतून रंगीबेरंगी वायरी लोंबत होत्या. आमच्या रस्त्याच्या टोकाला जे मोठं हॉस्पिटल आहे, तिथे ती इंजिनियर. तिने बॅगेतून एक काळा रबरी पट्टा काढला. आतल्या बाजूला धातूच्या चकत्या, कोटाच्या बटणाएवढ्या, ओळीने बसवलेल्या.

"मावशी, असंच काहीतरी, पण बायकांच्या अंगाला नीट बसेल असं शिवून द्याल का?"

"हे काय, घोड्याचा तंग?"

पोरगी हसली. चांगली पोरगी. खाली स्टुलावर बसून तिने आम्हा दोघींना सगळं समजावलं. स्तनातली गाठ लवकर सापडावी म्हणून त्यांच्या प्रयोगाच्या खोलीत एका नव्या रीतीवर काम चाललं होतं. चकत्या अंगाला टेकवायच्या, त्यातून अगदी बारीक वीज सोडायची. इतकी बारीक की कळतसुद्धा नाही. चरबीतून वीज कुरकुरत जाते, आणि गाठ असेल तर तिथून बऱ्याचदा सहज जाते. बाकीच्या चकत्या ते मोजतात आणि कॉम्प्युटर त्याचं चित्र काढतो.

"म्हणजे तुझी वीज टॅक्सीवाल्यासारखी," वन्सं म्हणाल्या. "मोकळा रस्ता दिसला की तिकडेच वळणार."

"अगदी तशीच! पण मावशी, हे अजून शिकाऊ यंत्र आहे हं. मॅमोग्राफीच्या जागी नाही. पुढेमागे तिच्या जोडीला उभं राहिलं तरी खूप झालं." मग ती जरा ओशाळून म्हणाली, "आणि सध्या तर उभंच राहत नाही. पट्टा कुणालाच बसत नाही. एकीला सैल, एकीला काचतो. चकती अंगावरून उचलली गेली की चित्राचा चिखल."

वन्संनी पट्टा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, नाकाला लावून वासही घेतला. मी ओळखलं, मासा गळाला लागला.

त्यानंतरचे दिवस मजेत गेले. रबर गेलं, मऊ सुती कापड आलं. पट्ट्याच्या जागी दोन कटोऱ्या आल्या, मागे बांधायला बंद, बाजूला ताणाची पट्टी; साऱ्या कपड्यालाच आम्ही कटोरी म्हणू लागलो. चकत्यांना बटणाची काजं करावीत तशी भोकं, म्हणजे धातू आतून थेट अंगाला टेकणार. पोरगी संध्याकाळी यायची, वायरी जोडून बघायची, दोघी कापडावर डोकी टेकवून बसायच्या. आमचे हे जिन्यावरून डोकावून म्हणायचे, "माझी बहीण आणि वीज एका खोलीत! आज गल्लीचा फ्यूज उडणार."

"दादा, तुझा कधीचाच उडालाय, तू वर जा," खालून उत्तर.

एकदा पोरीने कटोरी मिठाच्या पाण्यात बुडवून त्यात गाजराचा तुकडा सोडला. माणसावर लावण्याआधी असंच बघतात म्हणे. कॉम्प्युटरवर निळं गोल चित्र आलं आणि त्यात जिथे गाजर तिथे बरोब्बर ठिपका. पोरीने टाळ्याच वाजवल्या. वन्सं म्हणाल्या, "झालं, सॅलडचा फोटो आला. आता बायकांचा काढा."

चाचणीचा दिवस सोमवार ठरला. वन्संनीच गल्लीतल्या बायका गोळा केल्या. डॉक्टरच्या शब्दाने न हलणाऱ्या बायका टेपबाईच्या शब्दाने तयार झाल्या. रविवारी वन्संनी ती कटोरी शेवटचा हात फिरवायला म्हणून घरी आणली. माझ्यासमोर धरली आणि नाक मुरडलं.

"काय ही! बाईच्या अंगाला लागणारी वस्तू आणि अशी उघडीबोडकी? हॉस्पिटल आधीच भकास, त्यात हे."

मग त्यांनी ट्रंकेतून माझ्या सासूबाईंची जुनी शाल काढली. शालीचं पोत कधीच विरलं होतं, पण किनार तशीच. खऱ्या चांदीची तार, काळवंडली तरी घासली की लख्ख. वन्संनी ती किनार उसवली आणि कटोरीच्या कडेने, बाहेरून, तिच्याच सुटलेल्या तारेच्या बारीक टाक्यांनी फिरवली. टाके आतपर्यंत जात होते, पण दिसत नव्हते. मी म्हटलं, "वन्सं, नवरीला चढवावी अशी दिसते हो." मलाही आवडली होती, खोटं कशाला सांगू.

सोमवारी आम्ही सगळ्या हॉस्पिटलच्या बोळकांडीत बाकावर बसलो. पोरगी बाहेर आली, कटोरी बघून "अय्या, किती गोड!" म्हणाली आणि विचारलं, "कोण येतंय आधी?"

सगळ्या आपापल्या चपलांकडे बघू लागल्या.

शेवटी बेकरीवाली म्हणाली, "पाव आधी भाजणाऱ्याने खावा. जिने शिवलं, तिने घालावं."

बाकीच्या हसल्या. वन्संही हसल्या, पण त्यांचा हात टेपच्या टोकाशी चाळा करू लागला. त्याचं कारण तिथे मला एकटीलाच ठाऊक होतं.

माझ्या सासूबाई याच आजाराने गेल्या. गाठ हाताला लागली तरी कुणाला सांगितली नाही. त्यांचे कपडे अर्थातच वन्सं शिवायच्या, आणि आईचं माप काय घ्यायचं, ते तर पाठच, म्हणून जुन्या कागदावरूनच कापड कापायच्या. शेवटी शेवटी सासूबाई म्हणाल्या होत्या, "डावीकडे जरा सैल कर गं, काचतं." वन्संनी शिवण उसवून सैल करून दिलं. विचारलं नाही काही. पुढे सगळं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तेव्हापासून जुन्या मापावर कात्री नाही. पण गंमत अशी की स्वतःची तपासणी त्यांनी एकदाही केली नव्हती. मी विषय काढला की म्हणायच्या, "वहिनी, बघितलं की दिसतं. बघूच नये." गल्लीभरच्या बायकांना पाठवायच्या, आपण मात्र दारापर्यंतच.

आता दारातच सापडल्या होत्या. उठल्या, पदर खोचावा तशी टेप खोचली आणि आत गेल्या. मलाही ओढलं.

पडद्याआड मी त्यांना बंद बांधून दिले. कटोरी अशी बसली की जणू अंगावरच वाढली. "थंड आहे गं तुझी वीज," त्या म्हणाल्या. "थंड चकत्या आहेत मावशी, वीज अजून सोडलीच नाही." मग सोडली, आणि कुणालाच काही कळलं नाही. पोरगी बडबडत होती, आता हे होईल, आता ते होईल. स्क्रीनवर निळं चित्र उमटलं. डाव्या कटोरीच्या कडेला एक पिवळा-तांबडा डाग.

पोरगी स्क्रीनकडे वळली.

तिने पुन्हा एकदा बटण दाबलं. पुन्हा तोच डाग. मग तिने डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या शांत बाई. चित्र बघितलं, मग चित्राकडे पाठ करून वन्संसमोर बसल्या.

"हे यंत्र अजून शिकतं आहे. त्यावरून मी तुम्हाला आहे म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. पण मॅमोग्राफी कधी केली होती?"

"नाही केली."

"घरात कुणाला?"

"आईला," मीच सांगितलं.

"मग हा डाग असो वा नसो, तुमची मॅमोग्राफी व्हायलाच हवी. गुरुवारी सकाळी या."

वन्सं "हो हो, येते की" म्हणाल्या, सगळ्यांशी हसल्या, घरी आल्या आणि दुकानाची फळी लावून घेतली. मी मागच्या दाराने गेले. पलंगावर बसल्या होत्या. टेप खिळ्याला टांगलेली.

"मी नाही जायची, वहिनी."

"असं कसं?"

"आईला कळलं नव्हतं तोवर ती हसत होती. कळलं आणि पडली. मला हसायचंय अजून थोडं."

मी जवळ बसले, पाठीवरून हात फिरवला, वर येऊन देवापुढे दिवा लावला. दिव्याशी नेहमी खूप काही बोलते, त्या दिवशी एवढंच म्हटलं, हिला गुरुवारी ने. बाकी तू बघ.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच हॉस्पिटलात गेले. आमच्या घरची एक बाई पळाली, तिला बघून बाकीच्याही उठून गेल्या. निदान दुसरीने तरी बसावं, एवढंच मनात होतं. पोरीचं तोंड उतरलेलं. मी म्हटलं, "चल, मला बांध." कटोरी मला थोडी मोठी होत होती, पण तिने ताणाची पट्टी आवळून बसवली.

निळं चित्र आलं. डाव्या कडेला पिवळा-तांबडा डाग.

मी पोरीकडे बघितलं. पण पोरगी माझ्याकडे नाही, स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन बघत होती. "काकू, तुम्ही सख्ख्या बहिणी नाही ना?"

"छे गं, नणंद-भावजय. एकमेकींचे गुण लागतात म्हणतात, पण डाग?"

तिने कटोरी सोडवली, उलटी केली, कडेवरून बोट फिरवलं. ते किनारीवर आलं आणि थांबलं. मग तिने टेबलावरचं एक छोटं यंत्र उचललं. त्याला दोन वायरी असतात, दोन्ही टोकांमधून वीज आरपार जात असेल तर ते ओरडतं. एक टोक तिने या चकतीला लावलं, दुसरं शेजारच्या चकतीला.

टीं!

"काकू, ही किनार कसली आहे?"

"चांदीची. खऱ्या तारेची. माझ्या सासूबाईंच्या..."

पोरीने कपाळावर हात मारला आणि खुर्चीत मागे रेलून हसत सुटली. डाव्या बाजूला टाका आत उतरून दोन चकत्यांना टेकला होता. विजेला अंगातून जायची गरजच काय? चांदीचा मोकळा रस्ता मिळाला, टॅक्सी तिकडेच वळली. "आणि मी बघून गोड म्हटलं! पुन्हा पाण्यात बुडवून बघायला नको होतं का मी?" डॉक्टरीणबाई आल्या, त्याही हसल्या. मग मला म्हणाल्या, "आजच्या आज त्यांना सांगा. जिवाला घोर लावून बसल्या असतील."

घरी येताना मी मुद्दाम लांबची वाट धरली. सांगायला तर हवंच होतं. पण सांगितलं की वन्सं गुरुवारी कसल्या जातात? भीतीने जात नव्हत्या, आता आनंदाने जाणार नाहीत. मनात आलं, गुरुवारपर्यंत गप्प राहावं, भीतीचाच हात धरून नेता येईल. घरी आल्यावर देवापुढे बसले. माझा देव एरवी फार मवाळ आहे, पण खोटेपणाला साथ हवी म्हटलं की ऐकूच येत नाही त्याला. उठले आणि खाली गेले.

वन्संनी ऐकलं. मग अशा हसायला लागल्या की डोळ्यांतून पाणी, ते पाणी पुसायला हाताला लागलं ते गिऱ्हाइकाचं अस्तर.

"आई गं! जिवंतपणी कधी चापट मारली नाहीस, आणि आता शालीतून!" हसू ओसरलं तसा त्यांनी मोठा श्वास सोडला, खिळ्यावरची टेप काढून गळ्यात टाकली आणि फळी उघडली. "सुटले बाई. वहिनी, तो गुरुवार कळवून टाक. नाही येत म्हणावं."

झालं. जे वाटलं होतं तेच. मी तोंड उघडणार तोच बेकरीवाली दारात, हातात कोटाचं कापड.

"टेपबाई, उघडलंस एकदाचं! हा कोट शिव. आणि घाईत आहे, ओव्हनमध्ये पाव आहेत. गेल्या वर्षीच्याच मापाने टाक."

"जुन्या मापावर कात्री नाही."

"अगं, माझं अंग मला ठाऊक नाही का? काही बदललेलं नाही."

"बदललं नाही हे तुला कसं कळलं? बघितलंस? मोजलंस? नुसतं वाटतंय तुला. वाटण्यावर मी कापड कापत नाही. हात वर."

बेकरीवालीने सुस्कारा सोडत हात वर केले. वन्संनी टेप तिच्या छातीभोवती फिरवली, दोन्ही टोकं जुळवली आणि तशाच राहिल्या. तोंडात टाचण्या, नजर टेपवर, पण आकडा काही वाचेनात.

मी ते ओलं अस्तर उचललं आणि घडी घालू लागले.

बेकरीवाली म्हणाली, "हात खाली घेऊ का? मी काय चौकातला पुतळा आहे?"

वन्संनी टाचण्या एकेक करून तोंडातून काढल्या, टाचण्यांच्या छोट्या गादीत टोचल्या. "वहिनी, त्या चित्रात मी नव्हतेच ना? किनार होती."

"किनारच होती."

"म्हणजे चांगलं नाही आणि वाईटही नाही. माझं माप कुणी घेतलेलंच नाही."

"नाही घेतलेलं."

त्यांनी नाक ओढलं. मग बेकरीवालीच्या पाठीत एक धपका दिला. "हात खाली नको, अजून दंड राहिलाय. आणि वहिनी, गुरुवारचं काही कळवू नकोस. पण तू बरोबर यायचं. आणि माझ्यानंतर तुझा नंबर."

गुरुवारी आम्ही गेलो. आधी त्या आत गेल्या. मी बाहेर जपाचे मणी ओढत होते, एकच नाम तोंडात अडकून बसलेलं. दार उघडलं आणि वन्सं गाऊनच्या बाह्या वर सारत बाहेर आल्या. "अगं, दोन फळ्यांमध्ये ठेवून माझी चक्क घडी घातली! पण एक सांगू? तुझ्या चादरीपेक्षा लवकर झाली. आणि त्या बाईने मधेच टोक सोडलं नाही."

मग माझी घडी झाली. मग वाट बघणं. ते मात्र कुठल्याही टेपने मोजता येत नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनी दोघींना बसवून सांगितलं की दोन्ही चित्रं स्वच्छ आहेत, आणि आईला झालं होतं म्हणून वन्संनी पुढेही ठरल्या वेळी येत राहायचं. "येते की," वन्सं म्हणाल्या. या वेळचं "येते की" निराळं होतं. नंतर त्यांनी मशीनमधला चहा घेतला, इतका पाणचट की एरवी ओतून दिला असता, आणि आणखी एक मागितला.

येताना त्यांनी कटोरी मागून आणली होती; घरी आल्यावर तिची चांदीची किनार उसवली. शालीबरोबर ट्रंकेत ठेवली. पोरगी कटोरी न्यायला आली तेव्हा वन्संनी तिला दारातच बजावलं, "हे बघ, आता तरी आधी मिठाच्या पाण्यात बुडव. आणि मी पुन्हा काही सजवायला लागले तर माझा हात धर." पोरगी म्हणाली, "मावशी, रंगीत धागा चालेल. सुती." झालं, वन्संचे डोळे चमकले. आता कडेला निळी फुलं येणार आहेत.

बेकरीवाली कालपर्यंत "बघू, सवड मिळाली की" म्हणत होती. आज वन्संनी तिला तिचा कोट दिलाच नाही. हँगरला लावून मागे ठेवलाय. "तपासून आलीस की घेऊन जा," म्हणाल्या. बेकरीवालीने आरडाओरडा केला, सुनेचं नाव घेतलं, थंडीचं नाव घेतलं, आणि जाताना "सकाळी पाव लावून झाले की येते" म्हणून गेली.

उद्या सकाळी वन्संना बाजारातून निळा सुती दोरा आणायचा आहे, आणि जाताना बेकरीवालीला मॅमोग्राफीला घेऊन जायचं आहे.